आधी पडताळा, मग पटवा

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून रोज बाहेर पडणाऱ्या कागदांमध्ये एक तपासणी हमखास असते. जुलाब-उलट्यांनी गळून गेलेले मूल असो, मूत्रपिंडाचा विकार जडलेले आजोबा असोत किंवा अतिदक्षता विभागातला बेशुद्ध रुग्ण असो, सोडियम आणि पोटॅशियम किती आहे हे आम्ही डॉक्टर आधी पाहतो. या तपासणीचे नाव ‘सीरम इलेक्ट्रोलाइट्स’. यातला ‘इलेक्ट्रोलाइट’ हा शब्द आणि त्याच्या जोडीचा ‘आयन’ हा शब्द विज्ञानात आणला मायकेल फॅरेडेने, १८३४ साली. क्षारांच्या पाण्यातून वीज वाहते तेव्हा नेमके काय घडते, हे सांगायला जुने शब्द त्याला पुरेनात. स्वतःला ग्रीक येत नव्हते, म्हणून भाषा जाणणाऱ्या मित्रांना विचारून त्याने नवे शब्द घडवून घेतले. आज गावच्या ग्रामीण रुग्णालयातही ते शब्द रोज लिहिले जातात.

हे शब्द देणाऱ्या माणसाने महाविद्यालयाची पायरी चढलेली नव्हती. २२ सप्टेंबर १७९१ रोजी आज दक्षिण लंडनमध्ये मोडणाऱ्या भागात, एका लोहाराच्या घरी तो जन्मला. वडील सतत आजारी. शाळेत लिहिणे, वाचणे आणि जुजबी हिशेब एवढेच पदरात पडले. १८०४ मध्ये तो जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला आणि पुढच्या वर्षी त्याच दुकानात बुकबाइंडिंग शिकायला सात वर्षांच्या उमेदवारीवर बसला. पुढे याच माणसाने १८२५ मध्ये बेन्झीन शोधले आणि १८३१ मध्ये चुंबकाच्या हालचालीतून वीज निर्माण होते हे दाखवले. जगातले बहुतेक जनित्र याच तत्त्वावर चालते. एमआरआयच्या यंत्रात शरीराकडून येणारा संदेश तारेच्या वेटोळ्यात पकडला जातो, तोही याच तत्त्वाने.

शाळेतल्या भाषणांत ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. मात्र जिद्दीचे कौतुक करताना दोन प्रश्न मागे राहतात. हा मुलगा स्वतःच्या बळावर नेमका कसा शिकला? आणि शिकलेले लोकांपुढे मांडण्यासाठी त्याने आयुष्यभर एवढा आटापिटा का केला? आज हे प्रश्न इतिहासाचे उरलेले नाहीत. घरबसल्या शिकणे आज पूर्वी कधी नव्हते इतके सोपे झाले आहे आणि आरोग्याच्या बाबतीत ते तितकेच धोक्याचेही ठरते आहे.

रिबोच्या दुकानात बांधायला येणारी पुस्तके फॅरेडे वाचत असे. ब्रिटानिका ज्ञानकोशातली विजेवरची नोंद त्याच्या हाती अशीच पडली. दुसरे पुस्तक होते जेन मार्सेट यांचे ‘कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री’. या मार्सेटबाई लंडनमधल्या एका डॉक्टरच्या पत्नी. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांची रसायनशास्त्रावरची व्याख्याने त्या ऐकायला जात. ऐकलेले नीट उमगेना, म्हणून त्यांनी घरी प्रयोग करून, चर्चा करून ते समजून घेतले आणि आपल्यासारख्याच नवशिक्यांसाठी, विशेषतः स्त्रियांसाठी, संवादांच्या रूपात लिहून काढले. पुस्तकावर सुरुवातीला त्यांचे नावही नव्हते. ते पुस्तक एका पोरगेल्या बाइंडरच्या हातात पडेल, अशी कल्पना त्यांना असणे शक्यच नव्हते.

फॅरेडेने या पुस्तकाचे केले काय, हे महत्त्वाचे आहे. मार्सेटबाईंच्या निधनानंतर, १८५८ मध्ये, आपल्या एका शास्त्रज्ञ मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने ते सांगितले आहे. पुस्तकातल्या विधानांवर त्याने लगेच विश्वास टाकला नाही. आपल्या ऐपतीत बसतील असे छोटे छोटे प्रयोग केले, विधाने वस्तुस्थितीशी जुळतात असे दिसले आणि मग त्या पुस्तकाला तो धरून राहिला. १८१२ मध्ये त्याने घरच्या घरी बनवलेली बॅटरी अशीच होती. नाण्याच्या आकाराच्या जस्ताच्या सात चकत्या कापल्या, सात तांब्याची नाणी घेतली, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागदाचे सहा तुकडे ठेवले आणि त्या चळतीतून निघालेल्या विजेने एका क्षाराचे विघटन करून पाहिले. एकविशीतल्या कामगाराला परवडणारी ती प्रयोगशाळा होती.

‘स्वयंशिक्षित’ या शब्दाने एक गैरसमज होतो. वाटते की हा मुलगा कोणाच्याही मदतीशिवाय मोठा झाला. तसे झाले नाही. आयझॅक वॉट्स नावाच्या लेखकाचे ‘द इम्प्रूव्हमेंट ऑफ द माइंड’ हे पुस्तक त्याला मिळाले होते. त्यातले सल्ले साधे होते. टिपणे ठेवा, व्याख्याने ऐका, एखाद्या जाणत्या मित्राशी पत्रव्यवहार करा, चार जणांत बसून चर्चा करा. फॅरेडेने ते सगळे केले. जॉन टेटम यांच्या घरी संध्याकाळी विज्ञानावर व्याख्याने होत आणि एका व्याख्यानाची फी एक शिलिंग असे. ते शिलिंग लोहारकाम करणारा थोरला भाऊ रॉबर्ट देई. बेंजामिन ॲबट या मित्राला तो लांबलचक पत्रे लिही आणि त्यात आपले प्रयोग, शंका आणि फसलेले अंदाजही मांडी. डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे मिळाली ती दुकानातल्या एका गिऱ्हाइकाकडून. ती चार व्याख्याने त्याने लिहून काढली, आकृत्या काढल्या, स्वतः बांधणी केली आणि ती वही डेव्हींना पाठवली. १ मार्च १८१३ रोजी तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोगशाळेचा मदतनीस म्हणून नोकरीला लागला, आठवड्याला २५ शिलिंग पगारावर.

म्हणजे त्याने स्वतः शिकणे पसंत केले, पण एकट्याने शिकणे टाळले. आपली समजूत दुसऱ्यापुढे ठेवायची आणि तिला चूक ठरण्याची संधी द्यायची, ही सोय त्याने पहिल्या दिवसापासून करून ठेवली होती.

आता आपल्या बाह्यरुग्ण विभागात येऊ. गेल्या काही वर्षांत इथे येणारा रुग्ण बदलला आहे. त्याच्या खिशात मोबाइल आहे आणि त्यात आरोग्याची शेकडो चित्रफिती व संदेश आहेत. माझे काही सहकारी याची थट्टा करतात. मला ती थट्टा पटत नाही. आपल्या आजाराबद्दल जाणून घ्यावेसे वाटणे ही चांगली गोष्ट आहे. मधुमेह झालेली एखादी शेतमजूर बाई नातवाला सांगून मोबाइलवर ‘साखर म्हणजे काय’ हे ऐकत असेल, तर तिच्यातली जिज्ञासा त्या बुकबाइंडरच्या जिज्ञासेपेक्षा वेगळ्या जातीची नाही. फरक पुढच्या पायरीवर पडतो. तिला मिळालेली माहिती पडताळायची कशी, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

उदाहरण घ्या. ‘रक्तदाबाची गोळी एकदा सुरू केली की शरीराला तिची सवय लागते, म्हणून ती घेऊच नये,’ हा समज घरोघरी पोहोचला आहे. गोळी बंद केल्यावर दाब पुन्हा चढतो, हे निरीक्षण खरेच आहे. पण चष्मा काढल्यावर अक्षरे पुन्हा पुसट दिसतात, म्हणून चष्म्याचे व्यसन लागले असे आपण म्हणत नाही. दोष नजरेत असतो आणि चष्मा तो झाकत असतो. रक्तदाबाचेही तसेच आहे. दुसरे उदाहरण क्षयरोगाचे. औषधे सुरू झाल्यावर काही आठवड्यांत खोकला कमी होतो, भूक लागते, वजन वाढते. ‘बरे वाटले म्हणजे बरे झालो’ असे मानून रुग्ण गोळ्या सोडतो. नेहमीच्या क्षयरोगात उपचार साधारण सहा महिने चालतात, कारण लक्षणे गेल्यावरही जंतू शरीरात टिकून असतात. अर्धवट औषधांतून वाचलेले जंतू पुढे त्याच औषधांना दाद देत नाहीत. हा रुग्ण अडाणी असतो असे नाही. त्याने निरीक्षण केलेले असते. त्या निरीक्षणावरून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र त्याला हवा तसा असतो.

आपल्याला हवा तसाच निष्कर्ष निघण्याच्या या सवयीवर फॅरेडेने १८५३ मध्ये एक प्रयोग केला. तो प्रत्येक डॉक्टरने आणि प्रत्येक रुग्णाने समजून घ्यावा इतका मोलाचा आहे.

त्या काळी लंडनमध्ये टेबल फिरवण्याचे वेड पसरले होते. चार-पाच जण टेबलाभोवती बसत, त्यावर हलके हात ठेवत, आणि काही वेळाने टेबल सरकू किंवा फिरू लागे. कोणी म्हणे भूत, कोणी म्हणे वीज, कोणी म्हणे अजून न कळलेली शक्ती. बसणारी माणसे प्रतिष्ठित आणि प्रामाणिक होती. आपण टेबल ढकलत नाही, असे ती शपथेवर सांगत आणि त्यांना तसेच वाटतही होते. फॅरेडेने त्यांना खोटे ठरवले नाही. त्याने आधी पुठ्ठ्याचे काही तुकडे मऊ चिकट लेपाने एकावर एक चिकटवले आणि ते हात व टेबल यांच्या मध्ये ठेवले. टेबल हातांना ओढत असेल, तर खालचे पुठ्ठे आधी सरकायला हवेत. हात टेबलाला ढकलत असतील, तर वरचे. सरकले ते वरचे.

मग त्याने एक छोटे उपकरण केले. दोन पातळ फळ्या, त्यांच्या मध्ये काचेच्या कांड्या आणि एक हलका काटा. वरची फळी किंचित जरी सरकली तरी काटा कलायचा. काटा बसणाऱ्यांच्या नजरेआड असेपर्यंत टेबल हलत राहिले आणि काटा सांगत राहिला की ढकलत आहेत ते हात. काटा त्यांच्या समोर ठेवला, तेव्हा हात आपोआप आवरले गेले आणि टेबल जागचे हलेना. फसवणूक कोणीच करत नव्हते. टेबल हलावे ही इच्छा त्यांच्या नकळत स्नायूंत उतरत होती.

फॅरेडेने हा निष्कर्ष ‘द टाइम्स’ या दैनिकात पत्र लिहून जाहीर केला. बऱ्याच लोकांना तो आवडला नाही आणि टेबले फिरतच राहिली. पुढच्या वर्षी, मे १८५४ मध्ये, त्याने मनाच्या शिक्षणावर एक व्याख्यान दिले. त्यात त्याने मांडलेले मत माझ्या मते त्याच्या साऱ्या शोधांइतकेच मोलाचे आहे. आपल्या मनाला जे खरे असावेसे वाटते, ते सिद्ध होईपर्यंत त्याला थोपवून धरण्याची सवय लावणे, हा स्वयंशिक्षणाचा सर्वांत महत्त्वाचा भाग, असे तो म्हणाला. स्वतः शिकलेल्या माणसाचे हे सांगणे आहे. त्याच्या लेखी स्वयंशिक्षण म्हणजे माहितीचा साठा नव्हता. स्वतःच्या इच्छेवर ठेवलेली ती पाळत होती.

आधुनिक वैद्यक याच पायावर उभे आहे. नवे औषध तपासताना निम्म्या रुग्णांना तेच दिसणारे पण निष्क्रिय औषध दिले जाते आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही सांगत नाहीत, तपासणाऱ्या डॉक्टरलाही सांगत नाहीत. यामागे डॉक्टरवरचा अविश्वास नसतो. रुग्णाला बरे वाटावे ही इच्छा दोघांचीही असते आणि ती इच्छा काट्याला हात लावते, हे आम्हाला ठाऊक असते. साधी सर्दी आठवड्याभरात आपली आपणच जाते. गुडघ्याचे दुखणे कधी वाढते, कधी उतरते आणि माणूस नवा उपाय शोधतो तो दुखणे शिगेला पोहोचल्यावर. त्यानंतर ते उतरणारच असते. त्या दिवसांत घेतलेल्या कोणत्याही काढ्याला, लेपाला, गंड्याला आणि गोळीलाही श्रेय मिळते. तुलना केल्याशिवाय हे श्रेय कोणाचे ते कळत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. शिकलेले लोकांना सांगण्याचा फॅरेडेला एवढा ध्यास का होता?

व्याख्याता म्हणून तो जन्मजात वाकबगार नव्हता. ती कलाही तो शिकला. नोकरी लागली त्याच वर्षी ॲबटला लिहिलेल्या पत्रांत त्याने चांगले व्याख्यान कसे असावे याचा बारीक विचार मांडला आहे. तासाभरापेक्षा लांबवू नये, श्रोत्यांकडे पाहून बोलावे, दालनात हवा खेळती असावी, असे सांगायला तो विसरला नाही. कोंदट खोलीत बसलेल्यांचे लक्ष लागत नाही, ही गोष्ट आमच्या प्रतीक्षा कक्षांना आजही लागू आहे. पुढे त्याने उच्चार आणि आवाजाचे धडे घेतले. व्याख्यानात आपला वेग वाढला की समोर बसलेल्या मित्राने ‘सावकाश’ असे लिहिलेले कार्ड दाखवावे, अशी व्यवस्था केली. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शुक्रवारच्या सायंकाळच्या व्याख्यानांची प्रथा त्याने सुरू केली. मुलांसाठीची नाताळची व्याख्याने तिथे १८२५ पासून सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला खंड सोडला तर आजही ती होतात. त्यांतल्या एकोणीस मालिका एकट्या फॅरेडेने दिल्या.

१८६०-६१ च्या नाताळात त्याने मुलांपुढे एक मेणबत्ती ठेवली आणि सहा व्याख्याने केवळ तिच्यावर दिली. ज्योत कशाने जळते, मेण वर कसे चढते, धूर कशाचा, पाणी कुठून येते, असे करत शेवटी तो माणसाच्या श्वासापर्यंत आला. मेणबत्तीतून निघालेला वायू चुन्याच्या निवळीत सोडला की ती दुधाळ होते. तोंडाने फुंकलेला श्वास तिच्यात सोडला तरी ती दुधाळच होते. ज्योतीत जे झपाट्याने घडते, तसेच काहीसे शरीरात सावकाश घडत असते. माणूस २४ तासांत श्वासावाटे सुमारे ७ औंस, म्हणजे २०० ग्रॅमच्या आसपास, कार्बन बाहेर टाकतो, हा हिशेब त्याने मुलांना सांगितला. ही व्याख्याने १८६१ मध्ये पुस्तकरूपात आली आणि आजही वाचली जातात.

हा प्रयोग आपल्या कोणत्याही शाळेत होऊ शकतो. पानाच्या टपरीवर मिळणारा थोडा चुना भांडेभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवावा, सकाळी वरची स्वच्छ निवळी अलगद वेगळी करावी आणि पेल्यात घेऊन तीत स्ट्रॉने हळू फुंकावे. शिक्षक समोर असावेत, निवळी ओढून तोंडात घेऊ नये आणि चुना डोळ्यात जाणार नाही याची काळजी घ्यावी, कारण चुन्याने डोळ्याला होणारी इजा गंभीर असते. एवढे सांभाळले तर दहा वर्षांच्या मुलालाही ‘श्वासोच्छ्वास’ हा धडा कायमचा कळतो.

सांगण्यामागे फॅरेडेची परोपकाराची भावना होती, पण तेवढेच कारण नसावे. त्याला गणित जवळपास येत नव्हते. त्याच्या चुंबकीय रेषांच्या कल्पनेला गणिताचे रूप दिले ते पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेलने. १८५७ मध्ये फॅरेडेने मॅक्सवेलला पत्र लिहून विचारले, की गणितज्ञ आपले निष्कर्ष सूत्रांबरोबर साध्या भाषेतही मांडू शकणार नाहीत का, म्हणजे आमच्यासारख्यांना त्यावर प्रयोग करता येतील? साठी ओलांडलेल्या, जगभर नाव झालेल्या माणसाने आपल्याहून चाळीस वर्षांनी लहान तरुणाला हे विचारले. साधी भाषा त्याला विज्ञानाची सवलत वाटत नव्हती. साध्या भाषेत मांडलेले विधानच दुसऱ्याला तपासता येते, असा त्याचा रोख होता.

१८५५ च्या जुलैमध्ये त्याने हे प्रत्यक्ष करून दाखवले. टेम्स नदीतून तो बोटीने चालला होता. लंडनचे सारे मैलापाणी तेव्हा त्या नदीत सोडले जाई. त्याने पांढऱ्या कार्डांचे तुकडे केले, ते लवकर बुडावेत म्हणून ओले केले आणि धक्क्या-धक्क्यावर पाण्यात टाकत गेला. ऊन लख्ख होते, तरी तुकडा पाण्यात इंचभर जायच्या आत दिसेनासा होई. त्याने हे ‘द टाइम्स’ला कळवले. पत्रात एकही अवघड सूत्र नव्हते. ज्याला शंका असेल त्याने कार्डाचा तुकडा घेऊन नदीवर जावे, इतके ते उघड होते. तीन वर्षांनी, १८५८ च्या उन्हाळ्यात, दुर्गंधीने पार्लमेंटमध्ये बसणे अशक्य झाले तेव्हा कुठे कायदा झाला आणि जोसेफ बॅझलगेट यांच्या देखरेखीखाली भुयारी गटारांचे प्रचंड काम सुरू झाले. श्रेय एका पत्राचे नव्हे. जॉन स्नो या डॉक्टरने कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो हे १८५४ मध्ये सोहो भागातल्या एका पंपाच्या आधारे दाखवले होतेच. पण सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न सामान्य वाचकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल असा मांडायचा कसा, याचा तो पत्ररूपी नमुना आजही उपयोगी आहे.

आता थोडे आम्हा डॉक्टरांविषयी. पदवी हाती आली की शिकणे संपले, असे कोणी उघड म्हणत नाही. तरी गर्दीच्या दवाखान्यात वर्षामागून वर्षे त्याच सवयीने औषधे लिहिली जातात. नोंदणी चालू ठेवण्यासाठी लागणारे परिषदांचे तास भरले जातात आणि त्यातले किती डोक्यात उतरले ते कोणी विचारत नाही. मी पदवी घेतली तेव्हा शिकवलेल्या किती तरी गोष्टी आज बदलल्या आहेत. त्या कोणत्या, हे सांगायला आता प्राध्यापक येणार नाहीत. ते ज्याचे त्यानेच शोधायचे आहे. या अर्थाने पन्नाशीतला प्रत्येक डॉक्टर स्वयंशिक्षित असतो किंवा कालबाह्य असतो.

आणि भाषेचे काय? ‘इलेक्ट्रोलाइट्स डिस्टर्ब झालेत’ असे सांगून आम्ही पुढच्या खाटेकडे वळतो. नातेवाईक मान हलवतात, बाहेर जातात आणि मोबाइलवर शोधतात. ‘जुलाबात पाण्याबरोबर मीठही शरीरातून गेले, त्यामुळे अंगातली ताकद गेली. ते मीठ आणि पाणी आपण शिरेतून परत देतो आहोत. घरी असे झाले तर ओआरएसची पुडी लगेच सुरू करा,’ हे सांगायला मिनिटही लागत नाही. गर्दी खरी आहे, मनुष्यबळ अपुरे आहे, हेही खरे. पण न समजावलेला रुग्ण गोळ्या सोडून पुन्हा त्याच रांगेत, अधिक वाईट अवस्थेत परत येतो तेव्हा वेळ दुप्पट जातो.

म्हणून दोन मागण्या. पहिली आरोग्य प्रशासनाकडे. प्रत्येक सरकारी रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस, बाह्यरुग्ण विभागाच्या प्रतीक्षा कक्षात, अर्ध्या तासाचे मराठी बोलणे ठेवावे. विषय एकच असावा. बोलणारा डॉक्टर असू शकतो, परिचारिका असू शकते, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञही असू शकतो. हिमोग्लोबिन कसे मोजतात हे तंत्रज्ञाइतके चांगले आम्हालाही सांगता येणार नाही. हे काम हौस म्हणून न धरता कर्तव्याच्या तासांत मोजावे आणि शेवटची दहा मिनिटे प्रश्नांसाठी राखून ठेवावीत.

दुसरी मागणी वाचकांकडे. शिकत राहा, पण फॅरेडेच्या रीतीने. तो आपले प्रयोग क्रमांक घालून लिहून ठेवी. त्याच्या रोजनिशीतल्या परिच्छेदांचे क्रमांक १६,०४१ पर्यंत पोहोचले. उतारवयात स्मरणशक्ती दगा देऊ लागली तेव्हा ही वहीच त्याच्या कामी आली. तुम्हाला रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर एक साधी वही करा. तारीख, वेळ, मोजलेला आकडा, घेतलेली औषधे आणि त्या दिवशी काही वेगळे घडले असल्यास ते, एवढेच लिहा. ‘मला वाटते साखर ठीक आहे’ यापेक्षा अशा वहीची चार पाने आम्हाला फार जास्त सांगतात. आरोग्याचा कोणताही संदेश आला की पुढे पाठवण्याआधी स्वतःला विचारा: हे कोणी तपासले? कोणाशी तुलना करून? ज्यांना गुण आला नाही त्यांचे काय झाले? हे खोटे ठरायचे असेल तर काय दिसायला हवे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्या दाव्याकडे नाही, त्यावर जीव लावू नये.

एक मर्यादा मात्र ठामपणे सांगतो. प्रयोग मेणबत्तीवर करा, चुन्याच्या निवळीवर करा. चालू असलेल्या औषधाचा डोस कमी-जास्त करून स्वतःच्या शरीरावर करू नका. औषधाविषयी शंका असेल, ते महाग वाटत असेल, त्याने त्रास होत असेल किंवा कोणी ते बंद करायला सांगितले असेल, तर गोळी थांबवण्याआधी वही घेऊन या आणि विचारा. विचारल्याबद्दल रागावणारा डॉक्टर भेटला, तर पुन्हा विचारा. तो तुमचा हक्क आहे आणि उत्तर देणे हे आमचे काम आहे.